पंखा, कूलर आणि मोटारीचा कंडेन्सर बदलताना

होळी झाली की माजलगावात माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकी धुतली जाते, जुने गवत काढून नवे भरले जाते, पंख्यांची पाती पुसली जातात. चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याच्या घरात लहान मूल, म्हातारे माणूस किंवा बाळंतीण असेल तर पंखा ही चैनीची वस्तू राहत नाही. सिंदफणेवरचे धरण गावाच्या उशाशी असले तरी घरावरच्या टाकीत पाणी चढते ते मोटारीनेच. नेमक्या याच दिवसांत वर्षभर पडून असलेली मोटार बटण दाबल्यावर नुसती ‘हूं’ करते आणि फिरत नाही. घरातून लगेच उद्गार निघतो, “मोटार जळाली!” मग ती रिवाइंडिंगच्या दुकानात जाते.

पुष्कळदा मोटार जळालेली नसते. तिच्याबरोबर जोडलेला एक लहानसा भाग, ज्याला आपण बाजारात ‘कंडेन्सर’ म्हणतो आणि पुस्तकात ‘कपॅसिटर’ किंवा ‘धारित्र’ म्हणतात, तो निकामी झालेला असतो. रिवाइंडिंगच्या खर्चाच्या मानाने त्याची किंमत अगदी किरकोळ असते आणि बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे असते. काम सोपे आहे, म्हणूनच अनेक घरांतून तरुण मुले ते स्वतः करतात. मात्र सोप्या कामात माणूस गाफील राहतो. हे काम कसे करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीव सांभाळून कसे करावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कंडेन्सर म्हणजे काय?

दोन धातूंच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पातळ थर, एवढीच कंडेन्सरची मूळ रचना आहे. अशा जोडीत विजेचा भार साठून राहतो. हा शोध १७४५-४६ च्या सुमारास युरोपात लागला. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक मुशेनब्रुक यांच्या प्रयोगशाळेत पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत वीज साठवण्याचे प्रयोग चालले होते आणि त्या बरणीने मुशेनब्रुक यांना जबरदस्त झटका दिला. त्या गावावरून तिला ‘लायडन जार’ हे नाव पडले. पुरवठा तुटल्यानंतरही वीज साठून राहू शकते आणि स्पर्श होताच झटका देते, हा कंडेन्सरचा पहिला धडा तेव्हाच मिळाला. आज आपल्या पंख्यातही तोच धडा लागू आहे.

आजच्या पंख्याच्या कंडेन्सरमध्ये बरणी नसते. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या अतिशय पातळ फितीवर धातूचा मुलामा दिलेला असतो आणि ती फीत गुंडाळून डबीत बंद केलेली असते. फितीला एखाद्या ठिकाणी बारीक भोक पडले तर त्याभोवतीचा मुलामा उडून जातो आणि दोष तेथेच थांबतो. ही सोय चांगली आहे. परंतु असे प्रत्येक वेळी घडताना कंडेन्सरची क्षमता थोडी थोडी कमी होते. पंखा एका दिवसात बंद न पडता वर्षागणिक मंद होत जातो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. उष्णता, ओल आणि जास्त व्होल्टेज ही तिन्ही कंडेन्सरचे आयुष्य कमी करतात.

मोटारीला त्याची गरज का?

आपल्या घरात सिंगल फेज वीज येते. तिचा दाब २३० व्होल्ट असतो आणि ती सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. अशा विजेने मोटारीत निर्माण होणारे चुंबकीय बळही नुसते मागेपुढे होते, गोल फिरत नाही. जात्याचा खुंटा नुसता समोर ढकलला आणि सरळ मागे ओढला तर जाते फिरत नाही, जागच्या जागी अडखळते. दळणारी बाई पुढच्या रेट्याबरोबर बाजूचाही रेटा देते, तोही किंचित मागेपुढे. म्हणून जाते गोल फिरते. मोटारीत हा बाजूचा रेटा देण्यासाठी दुसरे वाइंडिंग असते आणि त्यातील प्रवाहाची वेळ पुढे सरकवण्याचे काम कंडेन्सर करतो. कंडेन्सर गेला की बाजूचा रेटा जातो आणि मोटार गुणगुणत उभी राहते. अशा वेळी पाते हाताने फिरवून दिले तर पंखा कसाबसा चालू होतो, हा अनुभव अनेकांना असेल.

छताचा पंखा, टेबल पंखा, कूलरचा पंखा, कपडे धुण्याचे यंत्र आणि घरगुती पाण्याची मोटार यांत साधारणपणे कंडेन्सर असतो. मिक्सरची मोटार निराळ्या जातीची, कार्बन ब्रशवर चालणारी असते. तिला असा कंडेन्सर लागत नाही. कूलरच्या टाकीत बुडवलेल्या छोट्या पंपातही तो सहसा नसतो. अलीकडे बीएलडीसी नावाचे कमी वीज खाणारे पंखे घरोघरी येऊ लागले आहेत. त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक पट्टीवर चालते. अशा पंख्यात जुन्या पद्धतीचा कंडेन्सर शोधू नये व बसवूही नये.

दोष कंडेन्सरचाच आहे का?

पेचकस हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

(१) घरातील सगळेच पंखे मंद आहेत का? असतील तर दोष व्होल्टेजचा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी डीपीवर भार वाढला की असे होते. कंडेन्सर बदलून उपयोग नाही.

(२) रेग्युलेटर पूर्ण वाढवून पाहावा. रेग्युलेटर खराब असला तरी पंखा मंद होतो.

(३) वीज पूर्ण बंद करून पाती हाताने फिरवावीत. जड जात असतील किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर दोष बेअरिंगचा आहे.

(४) जळकट वास, धूर, किंवा सुरू करताच फ्यूज उडणे अशी लक्षणे असतील तर वाइंडिंगच गेले असण्याचा संभव आहे. ते काम कारागिराचे.

पाती मोकळी फिरतात, व्होल्टेज ठीक आहे, मोटार गुणगुणते आणि हाताने ढकलल्यावर चालते, अशी स्थिती असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. फुगलेली, तडकलेली वा चीक गळणारी डबी दिसली तर शंकाच उरत नाही. गुणगुणणारी मोटार तशीच चालू ठेवू नये. फिरत नसलेली मोटार जास्त प्रवाह ओढते आणि मग खरोखरच जळते.

बटण बंद म्हणजे वीज बंद नव्हे

अपघात होतो तो बहुधा येथे. भिंतीवरचे बटण बंद केले म्हणजे काम झाले, असा आपला समज असतो. परंतु अनेक घरांच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. बटण बंद केल्यावर पंखा थांबतो, पण त्याच्या तारांमध्ये वीज तशीच उभी असते. म्हणून कूलर असेल तर प्लग पूर्ण काढून बाहेर ठेवावा. छताचा पंखा असेल तर घराचा मेन स्विच पाडावा आणि घरातल्या सर्वांना तसे सांगावे. मेनजवळ एक माणूस उभा ठेवला तर अधिक चांगले.

आता घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत. मेन पाडताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि पंख्याला वीज देतो! ज्या घरात इन्व्हर्टर आहे तेथे मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करून त्याचा पंख्याकडे जाणारा पुरवठा तोडला पाहिजे. तसेच, “लाइट गेलीच आहे, तेवढ्यात करून घेऊ,” असे कधीही म्हणू नये. गेलेली लाइट केव्हा येईल याचे वेळापत्रक आपल्या हाती नसते.

यानंतर टेस्टरने खात्री करावी. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या ठिकाणी लावून तो पेटतो हे पाहावे, मग पंख्याच्या दोन्ही तारांना लावावा. बिघडलेला टेस्टर ‘वीज नाही’ असेच सांगतो.

कंडेन्सरमध्ये अडकलेली वीज

पुरवठा तोडल्यानंतर दुसरा धोका उरतो, तो कंडेन्सरमध्ये साठलेल्या विजेचा. आपण २३० व्होल्ट म्हणतो ती लाटेची परिणामकारक किंमत होय. शिखरावर ती सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. पुरवठा कोणत्या क्षणी तुटला, त्यावर कंडेन्सरमध्ये किती वीज राहिली हे अवलंबून असते. टेस्टरवर या साठलेल्या विजेचा भरवसा धरता येत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धडधाकट पंख्यात बंद केल्याबरोबर कंडेन्सरमधली वीज मोटारीच्या वाइंडिंगमधून वाहून उतरते. त्यामुळे अनेक कारागीर म्हणतात, “आम्ही शंभर पंखे उघडले, कधी झटका बसला नाही.” ते खोटे बोलत नाहीत. परंतु वाइंडिंगची तार तुटलेली असेल, कनेक्टरमधील जोड सुटलेला असेल, तर वीज उतरण्याची वाटच बंद होते आणि ती कंडेन्सरमध्ये अडकून राहते. काही पाण्याच्या मोटारींत सुरुवातीपुरताच लागणारा मोठा कंडेन्सर असतो आणि मोटारीने वेग घेतल्यावर आतला स्विच त्याला वेगळे करतो. तेथेही वीज अडकते. आपण उघडतो ती वस्तू बिघडलेलीच असते. म्हणजे ज्या यंत्राला आपण हात घालतो, त्याच यंत्रात वीज अडकलेली असण्याचा संभव अधिक! म्हणून मागच्या शंभर पंख्यांचा अनुभव एकशे एकाव्या पंख्याच्या वेळी कामाचा नाही. दरवेळी वीज उतरवून घेणे हाच एक नियम.

पंख्याचा कंडेन्सर २.५ मायक्रोफॅरडचा, म्हणजे लहान असतो. त्याच दाबावर ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्याच्या २० पट ऊर्जा साठवतो. लहान कंडेन्सरचा झटका सहसा जीव घेत नाही; पण माणूस स्टुलावर उभा असतो, दचकून खाली पडतो आणि कंबर किंवा डोके फुटते. मोठ्या कंडेन्सरचा झटका दुबळ्या हृदयाच्या माणसाला महागात पडू शकतो.

वीज उतरवावी कशी?

पुष्कळ जण पेचकसाने दोन्ही टोके एकदम जोडतात. ‘टक्’ आवाज होतो, ठिणगी उडते. ही रीत सोडून द्यावी. ठिणगीने डोळ्याला इजा होते, मोठ्या कंडेन्सरमध्ये पेचकसाचे टोक वितळते आणि चांगला कंडेन्सरही आतून दुखावतो.

त्याऐवजी जुना पिवळ्या प्रकाशाचा, तारेचा बल्ब घ्यावा. ६० किंवा १०० वॅटचा चालेल. होल्डरला दोन लांब वायरी जोडून त्यांची फक्त टोके उघडी ठेवावीत. बल्ब शाबूत आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. मग वायरींना प्लॅस्टिकच्या भागावर धरून ती टोके कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी लावावीत व पाच-दहा सेकंद तशीच ठेवावीत. लहान कंडेन्सरच्या विजेने बल्ब पेटलेला दिसणार नाही. बल्ब पेटला नाही म्हणून वीज नव्हती असे समजू नये. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, कारण त्यातून वीज पूर्ण उतरेल याची खात्री नसते. बल्बऐवजी २० हजार ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर वापरला तरी चालतो. मात्र तो जास्त वेळ धरावा. शेवटी मीटर असल्यास डीसी व्होल्टवर लावून आकडा शून्याजवळ आला की नाही ते पाहावे. हे झाल्यावरच हात लावावा.

नवा कंडेन्सर निवडताना

जुन्या डबीवर दोन आकडे असतात. एक मायक्रोफॅरडचा, छताच्या पंख्याला बहुधा २.५ किंवा ३.१५ असतो. दुसरा व्होल्टचा, तो बहुधा ४४० असतो. घरात २३० व्होल्ट असताना ४४० कशाला, असे वाटेल. मोटार चालू असताना कंडेन्सरच्या टोकांवर पुरवठ्यापेक्षा जास्त दाब येतो, म्हणून ही तजवीज असते.

मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याइतकाच घ्यावा. व्होल्टचा आकडा तेवढा किंवा त्याहून जास्त चालेल, कमी कधीही नको. “मोठा कंडेन्सर टाका, पंखा जोरात फिरेल,” असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नये. ठरल्यापेक्षा मोठा कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमध्ये जास्त प्रवाह सोडतो, मोटार तापते आणि काही दिवसांचा वारा देऊन कायमची जाते. डबीवरचे आकडे पुसले असतील तर मोटारीवरची पट्टी पाहावी किंवा त्याच बनावटीच्या दुसऱ्या पंख्याचा आकडा घ्यावा; अंदाजाने बसवू नये.

केवळ सुरू करण्यापुरता असलेला ‘स्टार्ट’ कंडेन्सर आणि सतत चालणारा ‘रन’ कंडेन्सर यांची अदलाबदल करू नये. स्टार्ट कंडेन्सर काही सेकंदांसाठी बनवलेला असतो. तो कायम जोडला तर फुटतो. मोटारीच्या कंडेन्सरसाठी आयएस २९९३ हे भारतीय मानक आहे. डबीवर ते छापले आहे का, हे दुकानदाराला विचारण्यात संकोच करू नये. मीटरवर कंडेन्सर मोजण्याची सोय असेल तर तारा सोडवून, वीज उतरवून मगच मोजावे. २.५ चा कंडेन्सर १.६ दाखवू लागला तर तो बदलण्याजोगा झाला.

जोडणी

तारा सोडवण्यापूर्वी कागदावर रंगांसह आकृती काढावी किंवा मोबाइलवर फोटो घ्यावा. छताच्या पंख्याचा कंडेन्सर दांड्याच्या खालच्या वाटीत असतो. त्याला दोनच तारा असतात व त्यांना उलटसुलट नसते. मात्र त्या ज्या तारांना जोडलेल्या होत्या त्याच तारांना जोडाव्यात. अन्यथा पंखा उलटा फिरून वारा वर फेकतो. कपडे धुण्याच्या यंत्रात कधी एकाच डबीत दोन कंडेन्सर असून तीन तारा असतात. तेथे रंग चुकवू नयेत.

जोड घट्ट करावा, तांब्याचा एकही केस बाहेर राहू देऊ नये. नुसत्या पिळलेल्या तारांवर टेप गुंडाळण्यापेक्षा कनेक्टर वापरावा. डबी तिच्या पट्टीत नीट अडकवावी, लोंबकळती ठेवू नये. भक्कम शिडी किंवा घोडा घ्यावा. खुर्चीवर डबा ठेवून वर चढू नये. सर्व झाकल्यावर, दूर उभे राहून वीज सुरू करावी आणि दहा मिनिटे लक्ष ठेवावे. नवा कंडेन्सर थोड्याच दिवसांत पुन्हा गेला तर तिसरा आणू नये. दोष वाइंडिंगमध्ये किंवा व्होल्टेजमध्ये आहे असे समजून जाणकाराला दाखवावे. जुना कंडेन्सर चुलीत टाकू नये, तो फुटतो. लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नये.

कूलरबाबत विशेष

कूलर म्हणजे पत्रा, पाणी आणि वीज एकत्र. कंडेन्सर बदलताना एखादा जोड उघडा राहिला आणि तो पत्र्याला टेकला, तर अख्ख्या कूलरमध्ये करंट उतरतो. मग ओल्या हाताने पाणी भरणारी बाई किंवा जाळीला बोट लावणारे मूल त्याचे बळी ठरते. म्हणून कूलरला तीन पिनांचा प्लग आणि खरी अर्थिंग हवी. तिसरी पिन सॉकेटमध्ये आहे, पण तिच्यामागे जमिनीत गेलेली तारच नाही, अशी स्थिती अनेक घरांत असते. ती परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी. त्याचबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्यास गळती होताच पुरवठा तुटतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाणी भरताना प्लग काढून ठेवण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी.

येथे थांबावे

फ्रिज, एसी, बोअरच्या मोटारीची पेटी ही कामे कारागिराची आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन तर कधीही उघडू नये. त्याच्या कंडेन्सरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो आणि तो प्राणघातक आहे. शेतात दोनच फेज असताना मोठे कंडेन्सर लावून थ्री फेज मोटार चालवण्याचा प्रकार सर्रास चालतो. तेथील कंडेन्सर घरातल्या कंडेन्सरपेक्षा कितीतरी मोठे, जमीन ओली आणि माणूस बहुधा रात्रीच्या वेळी एकटा असतो. त्या पेटीला हात लावण्याचे धाडस करू नये.

एवढे करूनही कोणास विजेचा धक्का बसलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावा; ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून वेगळे करावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे लगेच सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोलताचालता दिसणाऱ्या माणसालाही दवाखान्यात दाखवावे.

आपल्या वस्तीत आयटीआय केलेली, हाताला कसब असलेली मुले आहेत. त्यांनी घरातील व शेजारच्या पंख्यांची दुरुस्ती जरूर करावी. त्यातून चार पैसे वाचतात आणि मिळतातही. मात्र पुरवठा तोडणे, टेस्टरने खात्री करणे, कंडेन्सरची वीज उतरवणे आणि मगच हात लावणे, हा क्रम एकदाही मोडू नये. वडीलधाऱ्यांनीही मुलगा स्टुलावर चढण्यापूर्वी, “मेन पाडला का? इन्व्हर्टर बंद केला का? कंडेन्सर उतरवला का?” हे तीन प्रश्न विचारावेत. विचारायला एक मिनिट लागत नाही आणि एवढ्यावरच कोणाच्या तरी घरचा कर्ता मुलगा सुखरूप खाली उतरतो.